‘+एफ’ छापलेलं टोन्ड दूध: घ्या, पण पाकीट उलटूनही बघा

आमच्या घरी नागपुरात आता त्रिमूर्ती नगरच्या डेअरीतून निळ्या चौकोनात ‘+एफ’ छापलेलं, म्हणजे वरून जीवनसत्त्वं मिसळलेलं (फोर्टिफाइड) टोन्ड दूध येतं. चव साध्या टोन्ड दुधासारखीच आहे. तापवताना फाटत नाही, दही घट्ट लागतं आणि आमच्याकडे भावही तोच आहे. डेअरीवाले भाऊ पाकीट हातात देताना सांगतात, “ताई, हे व्हिटॅमिनवालं हाय, घेऊन जा.” मी घेते आणि पुढेही घेणार. पाचपैकी चार तारे. एक कापलाय तो पाकिटावरच्या लिखाणासाठी, दुधात काही खोट नाही.

समोरची खूण ठसठशीत आहे, तिच्यासोबत ‘संपूर्ण पोषण, स्वस्थ जीवन’ हे शब्द. मागे मात्र पाकिटाच्या शिवणीत दबलेली एक बारीक ओळ: व्हिटॅमिन डी, १०० मिलीत ०.५ मायक्रोग्रॅम. मी शाळेत विज्ञान शिकवते, मला ती ओळ कळते. पण दिवसाला किती लागतं हेच ज्याला कुणी सांगितलेलं नाही, त्याला हे ०.५ पुष्कळ वाटणार की थोडं?

एफएसएसएआय म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे अशा दुधात लिटरला ५ ते ७.५ मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व असतं. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ४० युनिट, तेव्हा लिटरमागे २०० ते ३०० युनिट झाले आणि २०० मिलीच्या ग्लासात ४० ते ६०. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये सांगितलेली मोठ्या माणसाची गरज आहे दिवसाला ६०० युनिट, साठीनंतर ८००. ग्लासभर दूध प्यायलात तर फार तर दहावा हिस्सा पोटात गेला. चहापुरतं दूध घेणाऱ्यांचं तर विचारूच नका. शिवाय हे जीवनसत्त्व स्निग्धात विरघळतं, त्यामुळे तुपासाठी साय काढून ठेवली की त्यातलं काही सायीबरोबर जातं. साय काढू नका असं मी म्हणत नाही, ते तूप घरातच खाल्लं जातं. पण हिशेबात धरा.

हे इतकं खोलात का लिहितेय, तर आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकूंमुळे. त्यांचा ड जीवनसत्त्वाचा रिपोर्ट बराच कमी आला होता आणि डॉक्टरांनी आठवड्याला एक अशी त्याच जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी लिहून दिली होती. जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “आता दूधच व्हिटॅमिनचं घेतो, मग ते पुडी कायले घेऊ जी?” मी त्यांच्या दुधाच्या वहीतच मागच्या पानावर मांडून दाखवलं. एका पुडीत जेवढं आहे तेवढं या दुधातून मिळवायचं तर २०० ते ३०० लिटर प्यावं लागेल. काकू त्या आकड्याकडे बघतच राहिल्या. पुडी सुरू ठेवली त्यांनी.

उलटंही होतं, आणि ते जास्त धोक्याचं. ‘व्हिटॅमिनच तर आहे’ म्हणून आठवड्याची पुडी रोज घेणारे लोक असतात. ६०० च्या हिशेबाने एक पुडी म्हणजे १०० दिवसांचा साठा. हे क जीवनसत्त्वासारखं जास्तीचं लघवीवाटे निघून जात नाही, शरीरात साठतं. मग रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मळमळ होते, तहान थांबत नाही, पोट साफ होत नाही, किडनीलाही इजा होऊ शकते. पुडी किती आणि कधीपर्यंत हे डॉक्टरांनाच विचारा.

अंगावर ऊन पडलं की त्वचाही ड जीवनसत्त्व तयार करते, म्हणून “नागपुरात उन्हाची काय कमी?” हा प्रश्न मला नेहमी ऐकू येतो. ऊन आहे, पण मे महिन्यात आपण डोळे सोडून सगळं दुपट्ट्यात गुंडाळून गाडी चालवतो, आणि ते बरोबरच आहे, त्या उन्हात दुसरं करणार काय? खिडकीच्या काचेआडून येणारं ऊन यात कामाचं नाही, कारण लागणारे किरण काच अडवते. सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात बरं वाटतं, पण त्यात ते किरण फार थोडे असतात. आपली सावली आपल्या उंचीएवढी किंवा त्याहून आखूड पडते तेव्हाचं ऊन खरं उपयोगाचं. नागपुरात डिसेंबरमध्येही भर दुपारी सावली साधारण आपल्या उंचीएवढीच असते. म्हणून थंडीत जेवणानंतर गच्चीवर संत्री सोलत बसायची आपली सवय मला फार मोलाची वाटते. बाह्या वर करून बसा. वर्ण सावळा असेल तर थोडं जास्त वेळ बसा.

हीच खूण तेलाच्या पाकिटावरही येते. तिथे ग्रॅमला ०.११ ते ०.१६ मायक्रोग्रॅम, म्हणजे २० ग्रॅम तेलात ८८ ते १२८ युनिट, ग्लासभर दुधाच्या दुप्पट. तळणात काही कमी होतं. पण जीवनसत्त्वासाठी म्हणून तेल जास्त ओतू नका, घेताना खूण तेवढी बघा.

कंपनीच्या ग्राहक सेवेला मी ईमेल केलाय. समोरच्या बाजूला, खुणेच्या शेजारी, मराठीत एकच ओळ छापा: ‘एका ग्लासात दिवसाच्या ड जीवनसत्त्वाच्या गरजेचा फार तर दहावा भाग’. जागा आहे तिथे, मी पट्टी लावून मोजली. सूचना संबंधित विभागाकडे पाठवल्याचं उत्तर आलंय. ओळ छापून आली की पाचवा तारा देईन.