चालकाविना ट्रक की चालकाच्या मदतीला यंत्र?

सोलापुरातून चादरी आणि टॉवेलचे गठ्ठे घेऊन पुण्याकडे किंवा हैदराबादकडे निघणाऱ्या ट्रकचालकाच्या दृष्टीने नव्या तंत्रज्ञानाचे दोन प्रकार आहेत: एक त्याची जागा घेणारे, दुसरे त्याच्या हाताशी राहणारे.

पहिल्याचे उदाहरण अमेरिकेतील टेक्सास राज्यात आहे. तेथे ऑरोरा या कंपनीने २०२५ मध्ये डलास ते ह्यूस्टन या मार्गावर चालकाविना मालवाहतूक सुरू केली. मात्र काही आठवड्यांतच ट्रक बनवणाऱ्या कंपनीच्या विनंतीवरून चालकाच्या आसनावर पुन्हा निरीक्षक बसवावा लागला. आपल्याकडे गळीत हंगामात सोलापूरवरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ६५ वर मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली अंधारात अचानक समोर येते, तेव्हा रडार आणि कॅमेऱ्यांची परीक्षा तेथील सरळ रस्त्यापेक्षा कितीतरी अवघड ठरेल. शिवाय ताडपत्री आवळणे, चाक बदलणे, तपासणीत ई-वे बिल (मालवाहतुकीसाठी लागणारा जीएसटीचा दस्तऐवज) दाखवणे ही कामे कोण करणार? केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनीही रोजगाराचे कारण देऊन २०२३ मध्ये चालकविरहित वाहनांना विरोध दर्शवला होता.

दुसऱ्या प्रकारात आपोआप लागणारा ब्रेक, मार्गिका सुटल्याचा इशारा आणि डुलकी ओळखणारा कॅमेरा येतो. यात नोकरी टिकते, परंतु अशा यंत्रांबरोबर ट्रकचा ठावठिकाणाही कळत राहिला, की ढाब्यावरचा चहाचा थांबासुद्धा मालकाच्या मोबाइलवर नोंदला जातो. माझ्या मते सोलापूरच्या चालकाला आधी याच बदलाशी जुळवून घ्यावे लागेल, आणि त्या नोंदींवरून त्याला विश्रांती मिळते की त्याचा भत्ता कापला जातो, हे यंत्र नव्हे, मालक ठरवील.