तेझेचा आठवडा: उपासनेचे वेळापत्रक शिकवणाऱ्या जागेचे परीक्षण

फ्रान्सच्या बर्गंडी भागात, क्लूनीपासून दहाएक किलोमीटरवर, तेझे नावाचे एक लहानसे खेडे टेकडीवर वसलेले आहे. तेथे राहणारा मठवासी बंधूंचा समुदाय जगभरातून येणाऱ्या लोकांना, विशेषतः तरुणांना, आठवडाभर आपल्या प्रार्थनेत सामील करून घेतो. लूर्द किंवा रोमला जाणाऱ्या आपल्याकडच्या यात्रांमध्ये हे नाव सहसा नसते, आणि डोळे दिपावेत असे तेथे काही नाहीही. मनापासून भक्ती करावी, आत्मिक वाढ व्हावी, हे आपण दर रविवारी ऐकतो. पण ते सोमवारी सकाळी नेमके किती वाजता सुरू करायचे, हे क्वचितच कोणी सांगते. तेझेमध्ये ते घंटा वाजवून सांगितले जाते. म्हणूनच हे परीक्षण मुख्यतः तेथील दिनक्रमाचे आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगायला हवी, कारण तेथील बहुतेक रीती तिच्यातूनच आल्या आहेत. स्वित्झर्लंडमधील एका प्रॉटेस्टंट पाळकाचे पुत्र रॉजर शुट्झ, म्हणजे पुढचे ब्रदर रॉजर, ऑगस्ट १९४० मध्ये वयाच्या २५ व्या वर्षी येथे आले, त्यांनी एक जुने घर विकत घेतले आणि युद्धामुळे परागंदा झालेल्यांना, ज्यूंनाही, तेथे आसरा दिला. याचा सुगावा लागल्याने १९४२ मध्ये त्यांना ही जागा सोडावी लागली. १९४४ मध्ये ते परतले आणि १९४९ च्या ईस्टरला पहिल्या सात बंधूंनी ब्रह्मचर्य, सामायिक जीवन आणि साधेपणा यांचे आजन्म व्रत घेतले. सुरुवातीला सगळे प्रॉटेस्टंट होते, नंतर कॅथलिकही आले, आणि आता अनेक देशांतले बंधू तेथे एकत्र राहतात. समुदाय स्वतःसाठी देणग्या स्वीकारत नाही. मातीची भांडी, पुस्तके अशा आपल्या हातच्या कामावर तो जगतो, आणि एखाद्या बंधूला वारसाहक्काने काही मिळाले तर तेही गरिबांकडे जाते. १६ ऑगस्ट २००५ रोजी संध्याकाळची प्रार्थना चालू असतानाच एका मनोरुग्ण स्त्रीने केलेल्या चाकूहल्ल्यात ब्रदर रॉजर मरण पावले. त्यांच्यानंतर ब्रदर आलोइस यांनी धुरा वाहिली आणि डिसेंबर २०२३ पासून मूळचे इंग्लंडचे, अँग्लिकन परंपरेतले ब्रदर मॅथ्यू समुदायाचे प्रमुख आहेत. भारताशी या मंडळींचा संबंध जुना आहे: १९७६ मध्ये ब्रदर रॉजर कोलकात्यात मदर तेरेसांच्या सान्निध्यात राहिले होते आणि १९८५ च्या अखेरीस मद्रासला तरुणांचा मोठा मेळावा भरला होता.

आता प्रार्थनेकडे वळू. सकाळी सव्वाआठ, दुपारी बारा वीस आणि रात्री साडेआठ या तीन वेळा ठरलेल्या आहेत. घंटा झाल्या की झाडलोट, भाजी चिरणे, गप्पा, वर्ग असे सगळे थांबते आणि सारी टेकडी समेटाच्या चर्चकडे चालू लागते. १९६२ मध्ये उभे राहिलेले हे चर्च बाहेरून एखाद्या गोदामासारखे रुक्ष दिसते. युद्धाच्या पापाचे प्रायश्चित्त म्हणून काम करणाऱ्या जर्मन तरुणांच्या संघटनेने ते बांधायला हातभार लावला, आणि १९७१ च्या ईस्टरला गर्दी मावेना तेव्हा बंधूंनी दर्शनी भिंतच पाडून पुढे सर्कशीचा तंबू जोडला. नव्या इमारतीच्या कोनशिलेवर देणगीदारांची नावे कोरण्यात आपल्या मंडळ्यांचा, म्हणजे स्थानिक ख्रिस्ती समाजांचा, जो वेळ जातो, तो आठवून मला ही भिंत फार आवडते.

आत बाके नाहीत. सगळे जमिनीवर बसतात, ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी कडेला बसण्याची सोय आहे. मधल्या पट्ट्यात पांढऱ्या झग्यातले बंधू, समोर नारिंगी कापडांचे उंच पट्टे आणि त्यांच्या पायथ्याशी मेणबत्त्यांच्या ज्योती. व्यासपीठ नाही आणि गायनाचे पुढारपण करणारी व्यक्ती डोळ्यांसमोर नसते. गीताचा क्रमांक भिंतीवरच्या फलकावर उमटतो आणि कोणीतरी न दिसणारा माणूस सूर देतो. गीत म्हणजे एखाद-दोन ओळी, लॅटिन, स्पॅनिश, पोलिश अशा कोणत्याही भाषेतल्या, आणि त्याच पुन्हा पुन्हा. आरंभीच्या बऱ्याच चाली झाक बेर्तिए या फ्रेंच संगीतकाराने बांधल्या, त्या अशा बेताने की संगीत न शिकलेल्यालाही तिसऱ्या आवर्तनाला सोबत करता यावी. भजनात ध्रुवपद आळवायची सवय असलेल्या मराठी माणसाला हे परके वाटत नाही; नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भक्ती अभंगाच्या साच्यात आणली, त्या परंपरेत वाढलेल्यांना तर मुळीच नाही.

परके वाटते ते मौन. छोटे वाचन दोन-तीन भाषांत होते, आणखी एक गीत होते आणि मग सगळे चर्च आठ-दहा मिनिटे गप्प बसते. उपदेश होत नाही. पहिल्या दिवशी हे मौन अडचणीचे वाटते, कारण आपल्या उपासनांमध्ये मोकळी जागा राहिली की ती पाळकाने, पेटीने किंवा ढोलकीने भरायची असते. दोन-तीन दिवसांत मन डोक्यातल्या याद्या वाचून संपवते, देवाकडे मागायच्या गोष्टीही मागून होतात, आणि त्यानंतर जे काही उरते त्याच्यासह बसावे लागते. माझ्या मते या जागेची खरी देणगी हीच आहे. भावना उचंबळून याव्यात यासाठी येथे काहीही केले जात नाही. ज्याला रडू येते त्याला येते, ज्याला झोप येते त्याला झोप येते, आणि रात्री साडेआठला दोघेही पुन्हा हजर असतात. भक्ती मनाच्या लहरीवर सोडून भागत नाही, हे कोणत्याही प्रवचनाशिवाय अंगवळणी पडते.

आठवड्यालाही स्वतःचा चढउतार आहे. शुक्रवारी रात्री क्रुसाची मोठी प्रतिमा जमिनीवर आडवी ठेवतात आणि लोक गुडघ्यांवर सरकत येऊन तिच्यावर कपाळ टेकतात. रांग लांब असते, कोणी घाई करत नाही. शनिवारी पुनरुत्थानाची जागरणप्रार्थना होते; प्रत्येकाच्या हाती एक बारीक मेणबत्ती असते आणि ज्योत एकाकडून दुसऱ्याकडे जाते. रविवारी सकाळी युखारिस्त, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकरी आणि द्राक्षारस घेण्याचा विधी. म्हणजे दर आठवड्याला उत्तम शुक्रवार (ख्रिस्ताच्या मृत्यूचा दिवस) ते ईस्टर (पुनरुत्थानाचा दिवस) असा छोटा प्रवास पुरा होतो. रात्रीच्या प्रार्थनेनंतर काही बंधू चर्चमध्येच थांबतात. ज्याला बोलायचे असेल त्याने जाऊन बोलावे. सकाळच्या प्रार्थनेत कॅथलिक पद्धतीचा ख्रिस्तप्रसाद दिला जातो आणि जे तो घेत नाहीत त्यांच्यासाठी आशीर्वादित भाकरी असते. आपापल्या मंडळीची शिस्त मोडावी लागू नये म्हणून केलेली ही व्यवस्था वसईच्या कॅथलिक आणि अहिल्यानगरच्या प्रॉटेस्टंट वाचकाला सारखीच उपयोगी पडेल, मात्र ऐक्य अजून कुठे अडले आहे तेही ती रोज सकाळी दाखवून देते.

दहा वाजता एखादा बंधू पवित्र शास्त्रातील, म्हणजे बायबलमधील, उतारा उलगडून सांगतो आणि पुढे लहान गटांत चर्चा होते. बंधूंचे विवेचन शांत, अभ्यासपूर्ण आणि नेमके असते. गटाचे तसे सांगता येत नाही. सोबतीला कोण येईल यावर सारे अवलंबून. युरोपातील शाळकरी मुलांचा गट मिळाला तर बोलणे सुट्टीच्या गप्पांवर घसरू शकते, आणि कामचलाऊ इंग्रजी नसेल तर या तासाचा लाभ निम्माच होतो. सखोल शास्त्राभ्यास हाच ज्यांचा हेतू आहे, त्यांनी तेवढ्यासाठी इतका खर्च करू नये. ज्यांना पूर्ण मौनात आठवडा काढायचा आहे, त्यांच्यासाठी वेगळी सोय आहे आणि ती मला गटचर्चेपेक्षा सरस वाटते. टेकडीच्या उतारावर, झाडीत, झरा आणि तळे असलेला भाग शांततेसाठीच राखून ठेवला आहे.

काम सगळ्यांना करावे लागते. भांडी घासणे, संडास धुणे, जेवण वाढणे, नव्याने येणाऱ्यांचे स्वागत, चर्चची साफसफाई यांपैकी एक तुकडी वाट्याला येते. साबणाच्या फेसात कोपरापर्यंत हात बुडवून शेकडो ताटल्या धुताना शेजारी लिथुएनियाचा विद्यार्थी आणि मेक्सिकोची परिचारिका उभी असावी, दुपारी ऐकलेले गीत कोणीतरी गुणगुणावे आणि बाकीच्यांनी त्यात सूर मिसळावेत, हे तेथे रोजचेच आहे. सेवेविषयी आपण जे बोलतो त्याची येथे परीक्षा होते, कारण या कामाबद्दल नाव, शाल वा श्रीफळ मिळत नाही.

जेवण अगदी साधे. सकाळी पावाचा तुकडा, लोण्याची वडी, चॉकलेटच्या दोन कांड्या आणि कान नसलेल्या प्लॅस्टिकच्या वाडग्यात चहा किंवा कोको. दुपारी-रात्री एक शिजवलेला पदार्थ, पाव, फळ, आणि खायला फक्त चमचा. तिखटाशिवाय घास उतरत नसेल तर चटणीची लहान डबी सोबत ठेवावी. शाकाहारी जेवण मिळते. झोपायला सामायिक खोल्यांतील दुमजली खाटा किंवा स्वतःचा तंबू. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर ओयाक नावाच्या खाऊच्या ठिकाणी तरुणांचा गलबला असतो आणि ठरलेल्या वेळी तो थांबवला जातो.

एक गंभीर गोष्ट टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. पूर्वीच्या काळात काही बंधूंकडून लैंगिक अत्याचार झाल्याच्या तक्रारी असल्याचे समुदायाने जून २०१९ मध्ये स्वतःच जाहीर केले आणि तक्रारींसाठी मार्ग खुला केला. आपल्या मुलांना पाठवणाऱ्या पालकांना आणि युवागटांच्या पुढाऱ्यांना हे माहीत असायलाच हवे. अठरा वर्षांखालील मुलांसाठी जबाबदार प्रौढ सोबत असण्याचा नियम आहे. तो केवळ कागदोपत्री पाळू नये.

कोणासाठी ही जागा योग्य? ज्यांची प्रार्थना शब्दांनी थकली आहे, ज्यांना वेगळ्या पंथाच्या माणसाशेजारी गुडघे टेकायला संकोच वाटत नाही आणि गैरसोय सोसण्याची तयारी आहे, अशांसाठी उत्तम. चमत्कार, आरोग्यदानाच्या सभा किंवा जोशपूर्ण स्तुतिगीते यांतच ज्यांची भक्ती फुलते, त्यांना बुधवारपर्यंत कंटाळा येईल, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. माझी एक तक्रारवजा शंका आहे: उतरणीवरून घरी परतल्यावर हा दिनक्रम कसा टिकवायचा, याविषयी तेथे फारसे सांगितले जात नाही. वेगळा पंथ किंवा चळवळ न उभारता लोकांना आपापल्या मंडळीत परत पाठवायचे, हे समुदायाचे जाणीवपूर्वक ठरवलेले धोरण आहे. ते मला पटते. पण ज्याच्या मंडळीत मौनाला जागाच नाही, त्याला आपल्या घरातील दोघा-तिघांना घेऊन रात्री पंधरा मिनिटे बसण्यापासून आरंभ करावा लागतो.

व्यवहाराच्या बाबी अशा: नावनोंदणी आधी करावी लागते आणि मुक्काम रविवार ते रविवार असतो. शुल्क वय आणि देश पाहून ठरते, त्यामुळे भारतातून जाणाऱ्या तरुणांना राहण्या-जेवणाचा खर्च जड वाटत नाही. जड जाते ते विमानाचे भाडे आणि शेंगेन व्हिसाची (युरोपातील अनेक देशांना चालणाऱ्या सामायिक व्हिसाची) कागदपत्रे. पस्तिशी ओलांडलेल्यांसाठी जागा आणि आठवडे मर्यादित असतात, तेव्हा तारखा आधी विचारून घ्याव्यात. पॅरिसहून वेगवान रेल्वेने माकों-लोशे स्थानकापर्यंत जावे आणि तेथून बस पकडावी. ईस्टर आणि जुलै-ऑगस्टमध्ये हजारोंची गर्दी असते; पहिल्यांदा जाणाऱ्याने मे किंवा सप्टेंबर निवडावा. झोपण्याची पिशवी, विजेरी, पावसाळी कोट आणि आपले मराठी शास्त्र बरोबर घ्यावे, कारण वाचन ज्या भाषांत होते त्यांत मराठीचा नंबर लागण्याची शक्यता कमीच.