सिव्हिलचं सुरक्षा क्लिनिक: खिडकी वाईट, आतली माणसं चांगली

पाचपैकी चार तारे. पाचवा केसपेपरच्या खिडकीनं खाल्ला, त्यावर पुढं येतोच.

मी जिल्ह्याच्या गावात अभ्यासिका चालवतो. बहुतेक पोरं पोलीस भरतीची, थोडी अकरावी-बारावीची. शिवजयंतीला आमच्या चौकात रक्तदान शिबिर असतं आणि पोरं हौसेनं रक्त देतात. दिलेल्या प्रत्येक पिशवीची पाच आजारांसाठी तपासणी होते: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, मलेरिया आणि सिफिलिस. यंदा शिबिरानंतर एका पोराला रक्तपेढीतून फोन आला, "समक्ष येऊन भेटा." पोरगं १९ वर्षांचं. तिथून चिठ्ठी घेऊन ते थेट माझ्या टेबलापाशी आलं, कारण घरी हे सांगायची सोय नव्हती. चिठ्ठीवर व्हीडीआरएल रिअॅक्टिव्ह, म्हणजे सिफिलिसची तपासणी पॉझिटिव्ह, आणि खाली सिव्हिलच्या सुरक्षा क्लिनिकचं, म्हणजे गुप्तरोगांच्या सरकारी क्लिनिकचं नाव. (हे त्याला विचारूनच लिहितोय. "नाव सोडून काहीही लिहा काका," म्हणाला. काही तपशील मी मुद्दाम इकडचे तिकडे केलेत.)

आता खिडकी. केसपेपरला पैसे लागत नाहीत, पण काय होतंय ते सांगावं लागतं, तेही काचेच्या भोकातून आणि मागं रांग असताना. पोरगं पुटपुटलं. आतल्या बाईंना ऐकू गेलं नाही. मग त्यांनी चिठ्ठी वाचली आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "गुप्तरोगचं आहे ना? मग आधी नाही का सांगायचं!" पोरगं वळलं आणि तडक गेटबाहेर. मी त्याला चहाच्या टपरीवरून समजावून परत आणलं. सोबत कोणी नसतं तर ते परत आलंच नसतं, आणि अशी किती पोरं त्या टपरीवरूनच घरी जात असतील कोण जाणे. येणाऱ्यांनी एवढंच करा: खिडकीवर फक्त "स्किन" म्हणा. त्वचारोग आणि गुप्तरोग एकाच ओपीडीत बघतात, केसपेपर बरोबर तिथंच जातो.

आतला कारभार मात्र वेगळाच निघाला. ओपीडीच्या शेजारी छोटी खोली, दाराला पडदा, समुपदेशक ताई साधारण पस्तिशीच्या. त्यांनी पहिलं काम काय केलं, तर मला बाहेर बसवलं. "तुम्ही कोण का असेना, आधी मी त्याच्याशी बोलणार. त्यानं बोलवलं तर या." मला जरा लागलं, पण बाई बरोबर होत्या. आत काय विचारलं ते पोरानं नंतर सांगितलं. वय काय, १८ पूर्ण आहेत ना, शेवटचा संबंध कधी, जोडीदार मुलगी की मुलगा. हा शेवटचा प्रश्नसुद्धा त्यांनी पत्ता विचारावा तितक्या सहज विचारला म्हणे. भाषण नाही, "या वयात हे धंदे" नाही. चारातले दोन तारे मी एवढ्यासाठीच देतो.

मला बोलवल्यावर त्यांनी तक्ता उघडून आजार समजावला, आणि पोराचं मागचं सगळं त्यात बसत गेलं. दिवाळीच्या सुमारास त्याला खाली एक छोटी जखम झाली होती, कडा कडक, पण दुखत नव्हती. मेडिकलवाल्यानं ट्यूब दिली, जखम गेली, विषय संपला. ताई म्हणाल्या, "ट्यूबनं नाही गेली रे. ती जातेच." जंतू शरीरात शिरल्यावर साधारण तीन आठवड्यांनी, कधी १० दिवसांनी तर कधी ९० दिवसांनी, अशी जखम उठते आणि काहीही लावा न लावा, तीन ते सहा आठवड्यांत भरून येते. जंतू तोवर रक्तात गेलेला असतो. जानेवारीत तळहातांवर आणि तळपायांवर तांबूस पुरळ आलं होतं, खाज अजिबात नाही. त्याचं खापर आम्ही मेसमधल्या भांड्यांच्या पावडरीवर फोडलं होतं. ते पुरळही आपोआप गेलं. त्यानंतर आजार गप्प बसतो. उपचार घेतले नाहीत तर काही जणांमध्ये वर्षानुवर्षांनी हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिनीवर, मेंदूवर उठतो. डोळे, कान आणि मज्जासंस्था तर कुठल्याही टप्प्यात सापडू शकतात.

हे ऐकताना मला एसटी स्टँडमागच्या तंबूचं गणित उलगडलं. "गुप्तरोग, १०० टक्के गॅरंटी." पोरगं घाबरून जातं, भस्म घेतं, हजारो रुपये देतं, जखम भरते आणि गॅरंटी खरी ठरते! आजार आपण होऊन लपतो आणि श्रेय तंबूवाल्याला.

इंजेक्शनचं सांगतो. औषध बेंझाथिन पेनिसिलिन, एकूण २४ लाख युनिट. आधी हातावर थोडंसं टोचून अॅलर्जी बघितली, थांबवून ठेवलं. मग १२-१२ लाखांची दोन इंजेक्शनं, दोन्ही कुल्ल्यांत एकेक. औषध पांढरं, दाट, सुईतून हळूहळूच जातं. १६०० मीटर पळणारा गडी भिंतीला धरून बाहेर आला. लागण एका वर्षाच्या आतली वाटत होती म्हणून एवढ्यावर भागलं. जुनी असती किंवा कधीची ते कळत नसतं, तर आठवड्याच्या अंतरानं तीनदा घ्यावं लागतं. ज्यांना पेनिसिलिन चालत नाही त्यांना डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतात. त्या रात्री थंडी वाजून ताप येऊ शकतो, जंतू मरताना शरीर तसं करतं, हे ताईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. आला. पॅरासिटामॉल घेतली, सकाळी उतरला. सांगितलं नसतं तर इंजेक्शन बाधलं म्हणून आम्ही रात्री कुठंतरी धावलो असतो.

एचआयव्हीची तपासणी शेजारच्याच आयसीटीसी केंद्रात झाली, संमतीची सही घेऊन. सिफिलिसच्या जखमेतून एचआयव्हीला वाट सोपी होते, म्हणून ती लावतातच, आणि तीन महिन्यांनी परत करायला सांगतात. व्हीडीआरएलचा आकडा १:३२ होता, म्हणजे रक्त ३२ पट पातळ केलं तरी तपासणी पॉझिटिव्ह. तो सहा महिने ते वर्षभरात १:८ किंवा त्याखाली यायला हवा, तर उपचार लागू पडले. टीपीएचए नावाची दुसरी तपासणी मात्र बहुतेकांची जन्मभर पॉझिटिव्हच राहते, ती बघून घाबरायचं नाही. आणि एकदा बरं झालं म्हणजे कवच मिळालं असं नाही. पुन्हा लागण होते. लस नाही. कंडोमनं धोका बराच कमी होतो, पण जखम कंडोमनं न झाकलेल्या जागी असेल तर तिथून लागू शकतं. तोंडावाटेच्या संबंधातूनही लागतं, हे पोराला नवीन होतं. (मलाही, खरं सांगायचं तर.) संडासच्या सीटवरून, एकमेकांच्या टॉवेलवरून लागत नाही. ही शंका अभ्यासिकेत निघणार हे मला माहीत होतं, म्हणून मीच विचारून घेतली.

जोडीदारासाठी वेगळी चिठ्ठी देतात. मुलींमध्ये जखम आत असली तर दिसतही नाही, आणि पुढं गरोदरपणात बाळाला लागण होऊ शकते. पोरानं चिठ्ठी पोचवली. पुढचं मी विचारलं नाही.

शेवटी मी माझा प्रश्न काढला: १६-१७ वर्षांच्या पोरांना पाठवू का? ताई पहिल्यांदाच थोडा वेळ गप्प झाल्या. मग स्पष्ट सांगितलं. माहिती विचारायला कुणीही येऊ शकतं. पण १८ च्या आतल्या मुलाच्या किंवा मुलीच्या संबंधांची गोष्ट कानावर आली की पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मग ते दोघं एकाच वर्गातले का असेनात. म्हणून त्या अशा मुलांना तोंड उघडायच्या आधीच हे सांगतात. जबरदस्ती झाली असेल तर कायदा त्यांच्याच बाजूनं आहे आणि त्यांनी यायलाच हवं, १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करायला हवा. पण स्वतःच्या मर्जीनं अडकलेलं बारावीचं पोरगं हे ऐकून काय करेल? तंबूतच जाईल. यात दोष क्लिनिकचा नाही, तरी मला हे पटलेलं नाही.

१० ते १९ वयासाठी याच इमारतीत मैत्री क्लिनिकही आहे. आम्ही गेलो तेव्हा कुलूप होतं, त्यामुळं त्याला तारे देत नाही.

येणार असाल तर सकाळी लवकर या, रक्ताचे नमुने दुपारी घेत नाहीत. इंजेक्शनच्या दिवशी ग्राउंड बंद ठेवा. यायच्या आधी नुसतं विचारायचं असेल तर १०९७ हा फुकट नंबर आहे, एचआयव्हीसोबत गुप्तरोगांचंही सांगतात, नाव नाही सांगितलं तरी चालतं. आणि रुग्णालयाच्या साहेबांपैकी कुणी हे वाचत असेल तर त्या खिडकीपाशी एक कागद-पेन ठेवा. पोरं लिहून देतील.