मनापासून भंगार की ठरवून भंगार?

इतका भंगार की बघायलाच मजा येते, असे सिनेमे दोन प्रकारचे. एक चुकून तसा झालेला, दुसरा ठरवून केलेला. पहिल्यांचा बाप म्हणजे अमेरिकन दिग्दर्शक एड वुडचा 'प्लॅन ९ फ्रॉम आउटर स्पेस'. त्यात ड्रॅक्युलावाला नट बेला लुगोसी आहे, म्हणजे जेमतेम काही मिनिटं, कारण तो १९५६ मध्येच वारला आणि आधी शूट केलेले तुकडे वुडने यात चिकटवले. उरलेल्या सीन्सना त्याच्या जागी कोण, तर वुडच्या बायकोचा कायरोप्रॅक्टर, म्हणजे पाठ-मान दाबून उपचार करणारा! उंची जुळत नाही, चेहरा जुळत नाही, म्हणून बाबा तोंडावर केप धरूनच फिरतोय. शिवाय एकाच प्रसंगात दिवस काय रात्र काय, कशाला धरबंध नाही, थडग्यांचे दगड चक्क हलतात... आणि यात एकही माणूस हसत नाही हो, डायलॉग असे टाकतात जणू जगबुडी आलीये. खरी मजा तिथेच.

दुसरीकडे २०१३ चा 'शार्कनेडो'. वादळातून शार्क पडतायत, हिरो चेनसॉ घेऊन शार्कच्या तोंडात शिरतो आणि आतून पोट फाडून बाहेर येतो. हसलो, नाही म्हणत नाही. पण तुम्ही इथे हसणार हे बनवणाऱ्यांना आधीच माहितीये, ते सारखं डोळा मारणं लगेच कळतं आणि मग वीट येतो. त्याचे पाच सिक्वेल आले, बोला!

ग्रुप जमलाय, गप्पा मारत अर्धवट बघायचंय तर शार्कनेडो चालेल. पण पॉज करून, मागे जाऊन 'अरे हे बघ' करायचं असेल तर प्लॅन ९ च, आणि सबटायटल लावून, एकही डायलॉग सुटता कामा नये.