प्लेलिस्टच्या नादात २२,२०० रुपये गेले, आणि गाणंही गेलं

"सर, गाणं ऐकलं, भारी आहे. आमचे प्लेलिस्ट बनवणारे क्युरेटर घ्यायला तयार आहेत." इन्स्टावर असे मेसेज टाकणारी टोळी तुम्हाला नव्याने सांगायला नको. मलाही माहीत होती. तरी फसलो.

'शिकला-सवरलेला माणूस फसतो कसा' म्हणण्याआधी एवढं ऐका. गाणं मराठी, संथ, ओवीच्या चालीचं. मिक्सिंगलाच १२,००० गेलेले. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं पाठवायचा फॉर्म वेळेत भरला होता, पुढे काही नाही. २०२४ पासून नियम असा, की १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम झाले नाहीत, म्हणजे गाणं ऑनलाइन तेवढ्या वेळा वाजलं नाही, तर त्या गाण्याची रॉयल्टीच मिळत नाही. माझं गाणं सहाशेच्या आसपास अडकलेलं. अशा वेळी कोणी "४,५०० मध्ये किमान १०,००० स्ट्रीम" म्हणालं तर तुम्ही काय केलं असतं?

(आकड्याची हमी देणारा चोरच, हे लिहून ठेवा. खरा क्युरेटर बहुतेक वेळा नाहीच म्हणतो. आणि पैसे देऊन प्लेलिस्टमध्ये जागा घेणं स्पॉटिफायच्या नियमांतच बसत नाही.)

मी ४,५०० भरले. बघता बघता स्ट्रीम १४,००० पार. घरी पेढे आणले होते हो! मग आर्टिस्ट अ‍ॅपमध्ये श्रोते कुठल्या शहरांतले ते बघितलं. पुणे नाही, मुंबई नाही, आमचं कोल्हापूर तर नाहीच. पहिलं हेलसिंकी, दुसरं फ्रँकफर्ट. सेव्ह केलेलं ११ जणांनी, त्यातले निम्मे माझे मित्र. फॉलोअर एकही वाढला नव्हता. त्या मेसेजवाल्याला विचारलं तर म्हणतो, "सर, परदेशातली आपली मराठी माणसं!" आणि मला पटलं. महाराष्ट्र मंडळं जगभर आहेत, पटणारच ना? पण ती प्लेलिस्ट उघडून बघायला मला काय धाड भरली होती? माझ्या गाण्याआधी जिममधलं ब्राझिलियन फंक, नंतर पंजाबी पार्टी साँग. मध्ये ओवी. असं सलग ऐकणारा माणूस दाखवा मला. ऐकत होते बॉट, म्हणजे गाणी आपोआप वाजवणारे प्रोग्राम. ३० सेकंद वाजलं की स्ट्रीम मोजला जातो, तेवढं वाजवायचं आणि पुढचं.

तेव्हा थांबलो असतो तर ४,५०० वर भागलं असतं. उलट मोठं पॅकेज घेतलं. १५,००० अधिक १८ टक्के जीएसटी, एकूण १७,७००. म्हणजे चोराला २,७०० रुपये कर भरला मी! बिलावरचा जीएसटी नंबर ०७ ने सुरू होणारा, म्हणजे दिल्लीचा. महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. आणि हा गडी ऑफिस अंधेरीत असल्याचं सांगत होता. क्यूआर स्कॅन केल्यावर नाव आलं कुठल्याशा मोबाईल शॉपीचं. पिन टाकायच्या आधी ते नाव वाचत चला.

पुढे डिस्ट्रिब्युटरचा, म्हणजे गाणं स्पॉटिफायसारख्या ठिकाणी चढवणाऱ्या कंपनीचा मेल: कृत्रिम स्ट्रीमिंग आढळलं. गाणं सगळीकडून उतरवलं, कमाई गोठवली, वर १० डॉलर दंड कापला. दाद मागितली तर साच्यातलं उत्तर, खाली माणसाचं नावसुद्धा नाही. बँक म्हणाली, "पिन तुम्हीच टाकलात." पोलीस ठाण्यात तर कहर. "स्ट्रीम म्हणजे काय?" इथून सुरुवात. समजावून झाल्यावर साहेब म्हणाले, "गाणं वाजलं ना? मग फसवणूक कसली?" शेजारचे हवालदार म्हणे, जरा गाऊन दाखवा. सगळे हसले. भारतीय न्याय संहितेतल्या फसवणुकीच्या कलम ३१८ चं नाव काढल्यावर "वकील आहात का?" अर्ज घेतला, पोच द्यायला तयार नाहीत. रक्कम लहान आहे म्हणे. तुमच्या पगारातून कापा आणि मग सांगा लहान आहे का.

पैसे गेल्या गेल्या सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकलेले असतात. चॅट डिलीट करू नका. अनोळखी प्लेलिस्टमध्ये गाणं आपोआप दिसलं तरी डिस्ट्रिब्युटरला स्वतःहून लेखी कळवा. संपादकांकडे गाणं फुकटच पाठवता येतं, फक्त रिलीजच्या किमान ७ दिवस आधी पाठवा, म्हणजे निदान आपल्या फॉलोअर्सच्या रिलीज रडारमध्ये, म्हणजे स्पॉटिफायच्या नव्या गाण्यांच्या यादीत तरी येतं.

तो गडी आता नव्या नावाने फिरतोय. त्याच्या पेजवर "आमचे यशस्वी कलाकार" म्हणून माझ्याच गाण्याचा ४१,००० स्ट्रीमचा स्क्रीनशॉट लावलाय. तो दाखवून कोणी पैसे मागितले तर आधी ते गाणं शोधून बघा. कुठेच सापडणार नाही.