रूम चांगली, पण मैत्रिणीला दिलेल्या वागणुकीसाठी १ स्टार

पणजीतलं लॉज आहे, रूम स्वच्छ, गरम पाणी येतं, एवढंच चांगलं. मी आणि माझी मैत्रीण रात्री साडेनऊला पोचलो, ती इंफाळची, पुण्यात ६ वर्षं जॉब करते, भाजीवालीशी घासाघीस करण्याइतकं मराठी मस्त बोलते. काउंटरवरच्या माणसाने माझ्या आधारचा पटकन फोटो काढला आणि तिचं आधार मात्र उलटसुलट करत बसला, मग फॉरेनरसाठीचा सी फॉर्म काढून तिच्यापुढे ठेवला. अहो, कार्डवर मणिपूर छापलंय! वर मला बाजूला घेऊन म्हणतो, मॅडम, अशा मुलींमुळे आमच्याकडे रेड पडते, मसाजवाली तर नाही ना? ती दोन हातांच्या अंतरावर उभी होती, सगळं ऐकलं तिने.

चेहरा बघून धंदेवाली ठरवायची सवय काही याच लॉजची नाही. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या खिडकी एक्स्टेंशनमध्ये दिल्ली सरकारचे तेव्हाचे कायदामंत्रीच मध्यरात्री माणसं घेऊन गेले, युगांडाच्या बायकांवर सेक्स रॅकेटचा आरोप केला, वॉरंटशिवाय घरात शिरायला पोलिसांनी नकार दिला म्हणून त्यांच्याशीच भांडले. आणि समजा एखादी खरंच तो धंदा करत असेल, तरी मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने पोलिसांना बजावलंय की सेक्स वर्करलाही सन्मानाने वागवा, मग लॉजवाल्याला कोणी अधिकार दिला?

रात्रीच रूम सोडली आम्ही. अ‍ॅडव्हान्सचे १२०० अजून परत नाहीत. ती त्या रात्री जेवली नाही.