किरकोळ अपघातांनंतरचा डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा वर्ग: शुल्क कुठे वसूल झाले, कुठे नाही

परवाना मिळाल्यानंतर वर्षभरातच आमच्या मुलीच्या हातून तीन किरकोळ अपघात झाले: सिग्नलजवळ पुढच्या रिक्षाला मागून धक्का बसला, सोसायटीच्या खांबाला दार घासले आणि डावीकडे वळताना शेजारून येणाऱ्या दुचाकीची आरशाला धडक बसली. कोणाला इजा झाली नाही. पण ‘जपून चालव’ एवढ्या उपदेशाने काही साधणार नाही हे दिसत असल्याने, पुण्यात कोथरूड भागातील एका केंद्राच्या, परवाना असलेल्यांसाठीच्या डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगच्या (म्हणजे इतरांच्या चुका गृहीत धरून, धोका आधीच ओळखून गाडी चालवण्याच्या) वर्गात तिचे नाव घातले.

या वर्गाची खरी जमेची बाजू म्हणजे शिक्षक. एसटीतून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी सुरुवातीला गाडीला हातच लावू दिला नाही. तिन्ही अपघातांचे नकाशे त्यांनी तिच्याकडूनच कागदावर काढून घेतले आणि धडकेच्या आधीच्या काही क्षणांत नजर कुठे होती, एवढेच ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले. रिक्षाच्या वेळी ती सिग्नलच्या उलट्या आकड्यांकडे पाहत होती; दुचाकीच्या वेळी तिने आरसा पाहिला होता, परंतु आरशात न दिसणाऱ्या पट्ट्यासाठी मान वळवली नव्हती. खांबाचे प्रकरण लगेच निकालात निघाले, कारण वळताना मागचे चाक पुढच्या चाकापेक्षा आतून जाते हे तिला कोणी शिकवलेच नव्हते. (परवान्याच्या चाचणीपुरते शिकवणाऱ्यांकडून ती अपेक्षाही नसावी.)

त्यानंतर रस्त्यावर, जे दिसते ते मोठ्याने बोलत गाडी चालवण्याचा सराव झाला. थांब्यावर पीएमपी (शहर बस) उभी आहे, तिच्या पुढून कोणी धावत येईल. कडेच्या मोटारीत माणूस बसलेला आहे, दार उघडेल. सुरुवातीला मुलीला हे हास्यास्पद वाटले, पण बोलणे थांबले की पाहणेही थांबलेले असते, हे तिच्या स्वतःच्याच लक्षात आले. अंतराचा नियम तीन सेकंदांचा: पुढच्या गाडीने एखादा खांब ओलांडला की मोजायला लागायचे आणि तीन होण्याआधी आपण तिथे पोचता कामा नये. ताशी 40 किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला सुमारे 11 मीटर जाते, म्हणजे पाय ब्रेकवर पडेपर्यंतच बरीच जागा संपलेली असते. पुण्यात एवढे अंतर ठेवले की मध्ये दुचाकी घुसणारच, ही आमची शंका शिक्षकांनी फारशी मनावर घेतली नाही. “घुसू द्या ताई, पुन्हा अंतर वाढवा,” एवढेच ते म्हणाले.

सर्वांत उपयोगी ठरली ती कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावरची फेरी. येथे अवजड वाहनांचे ब्रेक निकामी होऊन झालेले अपघात पुणेकरांना नव्याने सांगायला नकोत. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकायचा, न्यूट्रलमध्ये गाडी सोडायची नाही, भरलेला ट्रक मागे दिसला तर त्याच्या पुढे रेंगाळत न राहता वाट मोकळी करायची, हे सर्व तिथे करून घेतले गेले.

उणिवाही आहेत. सगळा सराव सकाळच्या निवांत रस्त्यांवर झाला. रात्रीचा किंवा पावसातला अजिबात नाही, आणि समोरून येणाऱ्या प्रखर दिव्यांत नजर कुठे ठेवावी हे केवळ तोंडी सांगण्यात आले. केंद्राची दुहेरी ब्रेकची (शिक्षकाच्या पायाशीही ब्रेक असलेली) गाडी आमच्या गाडीपेक्षा बरीच लहान असल्याने स्वतःच्या गाडीचा अंदाज येण्यासाठी वेगळा वेळ हवा होता, तो अगदी शेवटी मिळाला. वर्गातील व्याख्यान तर वाहतूक चिन्हांच्या पुस्तिकेपलीकडे गेले नाही.

शुल्क नेहमीच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या जवळपास दुप्पट आहे. तरीही विम्याचा हिशेब मांडला तर ते मला जड वाटले नाही. दावा न केल्यास पहिल्या वर्षानंतर 20 टक्क्यांपासून सुरू होऊन पाच वर्षांत 50 टक्क्यांपर्यंत जाणारी सवलत एका दाव्याने शून्यावर येते. म्हणूनच आम्ही आरसा आणि दार पदरच्या पैशांनी दुरुस्त केले होते.

गाडी हाकता येते, पण समोरच्याचा अंदाज चुकतो, अशा नवख्या चालकासाठी हा वर्ग घेण्याजोगा आहे. ज्यांना मुळात क्लचच जमत नाही, त्यांनी तूर्त साधे प्रशिक्षण घ्यावे. नाव नोंदवताना अंधार पडल्यानंतरची एक फेरी आणि स्वतःच्या गाडीवरचे तास मात्र पैसे भरण्याआधी लेखी ठरवून घ्यावेत.